कट म्हणेपर्यंत

बाबांना अभिनय येत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं. आईला काही खोटं सांगायचं झालं की त्यांचे कान लाल व्हायचे आणि आई तिथंच समजायची. पण त्यांना इतकासुद्धा येत नसेल असं वाटलं नव्हतं. सकाळभर त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं करून नाकी नऊ आले, आणि दुपारी एडिटिंगच्या टाइमलाइनवर त्यांच्या चुका एकेक करून कापताना माझं डोकं तापलं होतं.

बाबा गाडी चालवायला शिकवतात. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली आणि उरलेल्या निम्म्यांना रस्त्यानं जपून चालायला शिकवलं, असं आई म्हणते. शिष्यमंडळी त्यांना क्लच सर म्हणतात. त्या दिवशी ते निवृत्त होणार होते. संध्याकाळी हॉलमध्ये जुने विद्यार्थी जमणार होते आणि तिथं दाखवायला एक छोटी फिल्म हवी होती. घरातच व्हिडिओचं दुकान असल्यावर ती कोण करणार? माझा नवरा शूट करतो, मी एडिट करते. तो उंच आणि काटकुळा, म्हणून बाबांनी त्याचं नाव ट्रायपॉड ठेवलंय. माझं नाव कात्री. ते कामावरून पडलं की जिभेवरून, यावर घरात एकमत नाही.

शूटिंगचा माझा एकच नियम आहे. मी ‘कट’ म्हणेपर्यंत हलायचं नाही आणि बोलायचं नाही. लोकांचं वाक्य संपतं न संपतं तोच ते ‘बरं आलं का?’ म्हणून कॅमेऱ्याकडे बघतात आणि क्लिपचं शेपूट वाया जातं. बाबांना हा नियम फार आवडला. ‘मी सांगेपर्यंत ब्रेकवरचा पाय काढायचा नाही’ असं ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना बजावलं, त्याला असला नियम आवडणारच.

शूटिंगची सुरुवात आम्ही शेवटापासून केली. बाबांचा पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा होता आणि तो चुरगळायच्या आत निरोपाचा प्रसंग उरकून घ्यावा असं मी ठरवलं. गाडीला टेकून ते म्हणाले, “इतकी वर्षं एक ब्रेक माझ्या पायाखाली होता. आता दोन्ही तुमच्याकडे. सांभाळून जा.” एका टेकमध्ये झालं. ट्रायपॉडनं टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जमलं, तासाभरात मोकळे होऊ.

पुढे मात्र सगळं घसरत गेलं. ऑफिसातल्या फळ्यावर वळणाची खूण काढताना त्यांच्या हातून खडू पडला. किल्ली लावताना ती भलतीकडेच टेकली. सीटबेल्टचं बक्कल लागेना. ‘ऍक्सिलरेटर’ हा शब्द ज्या माणसानं दिवसातून शंभरदा उच्चारला, तो त्या शब्दावर असा अडखळला की मी वैतागून म्हटलं, “बाबा, नाटकं नकोत, हॉलवाले वाट बघणार नाहीत.” ते हसले. हसणंही वाकडंच आलं.

पण एडिटिंग कशाला असतं? आम्ही वरच्या खोलीत येऊन बसलो आणि मी कामाला लागले. टाइमलाइनवर वर चित्राच्या पट्ट्या आणि खाली आवाजाच्या. पट्टीची कड धरायची आणि आत सारायची, की नको असलेलं दिसेनासं होतं. खडू पडायच्या आधी कट. बक्कल लागत नव्हतं तिथं थेट लागलेल्या बक्कलचा क्लोजअप, तोही माझ्याच हाताचा. ‘ऍक्सिलरेटर’ सकाळच्या तालमीतून उचलून बसवला. वाकडं हसू झाकायला त्यावर स्टिअरिंगचं चित्र टाकलं आणि खालून बाबांचा आवाज तसाच वाहू दिला. वाक्यांमधल्या लांबलचक जागा, ज्यांना आम्ही हवा म्हणतो, त्या सगळ्या काढून टाकल्या. बघता बघता बाबा चुरचुरीत, चपळ आणि दहा वर्षांनी तरुण झाले. शेवटी निरोपाचा प्रसंग जोडला. जोड कुठं आहे ते मलाही सापडलं नसतं. फिल्म आईच्या फोनवर पाठवली. आई हॉलवर खुर्च्या लावून घेत होती. तिचं उत्तर आलं, “अगदी नवरदेव दिसतायत.”

बाबा तोवर चहा पिऊन शेवटचा धडा द्यायला गेले होते. बेकरीवाल्या बाईंचा. या बाई पहाटे अख्ख्या गावाचा पाव भाजतात, भट्टीत हात घालायला भीत नाहीत, पण गियर बदलताना डोळे मिटतात. त्यांना शिकवल्याशिवाय मी निवृत्त होणार नाही, असं बाबांनी जाहीर केलं होतं. जिना उतरताना ते पाय जरा ओढत होते, असं ट्रायपॉड म्हणाला. मी म्हटलं, सकाळपासून उभे आहेत, दमले असतील.

हाताशी थोडा वेळ उरला. मला खोडी सुचली. कापलेल्या आणि झाकलेल्या सगळ्या चुका एकत्र करायच्या आणि फिल्म संपली की हॉलमध्ये बाबांची फजिती दाखवायची. क्लच सरांना सीटबेल्ट लावता येत नाही म्हटल्यावर शिष्य खुर्च्यांवरून खाली पडले असते. मी नवी टाइमलाइन उघडली आणि सगळे टाकाऊ तुकडे उचलून तिच्यावर सोडले. ते ज्या क्रमानं शूट झाले त्याच क्रमानं येऊन बसले.

मी प्ले दाबलं. खडू पडला. आम्ही दोघं खिदळलो. किल्ली डॅशबोर्डवर आपटली. ट्रायपॉड पोट धरून हसला. “आज सासरेबुवा भलतेच फॉर्मात होते,” तो म्हणाला. मग बक्कल. एकदा, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा.

तिसऱ्यांदा बक्कल हुकलं तेव्हा माझं हसू घशातच राहिलं.

फिल्ममध्ये हे तुकडे एकमेकांपासून लांब होते. कुणाला कापून, कुणाला झाकून मी त्यांची एकमेकांशी गाठच पडू दिली नव्हती. आता ते एका ओळीत उभे होते. खडू उजव्या हातातून पडला. किल्ली उजव्या हातात होती. बक्कलपर्यंत उजवा हात पोहोचतच नव्हता, बाबा डाव्या हातानं त्याला ढकलत होते. आणि शेवटच्या तुकड्यात, ज्याच्यावर मी स्टिअरिंगचं चित्र टाकलं होतं त्यात, बाबा हसत होते आणि त्यांच्या तोंडाची उजवी बाजू हसतच नव्हती. ती बाजू खाली ओघळली होती.

मी पुन्हा पहिल्यापासून लावलं. वाटलं, आपण चुकीचं बघतोय. ट्रायपॉड अजून हसत होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि तो हसायचा थांबला.

“त्यांना अर्धांगवायूचा झटका येतोय,” मी म्हटलं. “सकाळपासून येतोय. आणि आपण शूट करत होतो.”

“आत्ता कुठंयत ते?”

कुठं असणार? गाडीत. बेकरीवाल्या बाईंच्या शेजारी. गाडीतला दुसरा, शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक त्यांच्या उजव्या पायाखाली.

मी फोन लावला. खालून, ऑफिसच्या टेबलाच्या खणातून, रिंग ऐकू आली. धडा देताना फोन खणात, हा बाबांचा नियम. आमच्या घरात सगळेच नियमाचे पक्के! मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. स्कूटरवर मागे बसल्यावर लक्षात आलं की लॅपटॉप माझ्या काखेत आहे आणि मूळ शूटिंगची डिस्क वायरीला लोंबकळतेय. पायात एकच चप्पल होती.

“कुठल्या रस्त्यानं?” ट्रायपॉड ओरडला.

हे तरी मला माहीत होतं. नवशिक्यांसाठी बाबांचा रस्ता ठरलेला. शाळेच्या भिंतीजवळून, बाजाराला वळसा घालून, शेवटी पाण्याच्या टाकीमागचा चढ. चढावर गाडी थांबवायची आणि मागं न घसरता पुन्हा सुरू करायची. ‘तिथं जो पास झाला तो सुटला,’ असं त्यांनी त्याच सकाळी कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं. बाजारात मी प्रत्येक पांढऱ्या गाडीत डोकावून बघत होते. कुठं गर्दी जमलीय का, काचा पडल्यात का, हेच शोधत होते. कुठंच काही नव्हतं. लोक आरामात भाजी घेत होते, आणि मला त्यांचा भयंकर राग आला.

गाडी चढावरच होती. अर्धी रस्त्यावर, अर्धी फुटपाथवर, मागचं टोक एका खांबाला जेमतेम टेकलेलं. हॉर्न वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. बेकरीवाल्या बाईंनी दोन्ही हातांनी हँडब्रेक घट्ट धरला होता आणि कपाळानं त्या हॉर्न दाबत होत्या. तोंडावर रंग म्हणून नव्हता. शेजारी बाबा दाराच्या बाजूला कलंडले होते. डोळे उघडे होते.

“सर ‘ब्रेक, ब्रेक’ म्हणाले,” बाई रडत सांगू लागल्या. “मला वाटलं परीक्षा घेतायत. त्यांच्या बाजूचा ब्रेक लागलाच नाही, गाडी मागं जायला लागली, मग मी हा ओढला. मी सोडणार नाही हं. सरांनी सांगितलंय, मी म्हणेपर्यंत सोडायचा नाही.”

“बाई, सोडा आता,” ट्रायपॉड म्हणाला.

त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी डोळ्यांनी होकार दिला तेव्हाच त्यांनी हात सोडले.

ट्रायपॉडनं गाडी हॉस्पिटलकडे पळवली. मागच्या सीटवर बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते काहीतरी बोलू बघत होते, पण त्यातून नुसता लाळेचा आवाज येत होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट छातीपर्यंत ओला झाला होता. मी “बोलू नका, बोलू नका” एवढंच म्हणत राहिले. दिवसभर त्यांना हेच तर सांगत होते.

हॉस्पिटलात त्यांना ताबडतोब आत नेलं. थोड्या वेळानं एक डॉक्टरबाई बाहेर आल्या. माझ्याहून लहान असतील, केस विस्कटलेले, बोलणं मात्र स्वच्छ. “स्कॅन झालाय. मेंदूत रक्तस्राव नाही, गुठळी आहे. ती विरघळवायचं औषध आहे आमच्याकडे. पण झटका सुरू झाल्यापासून ठरावीक वेळेच्या आतच ते देता येतं. उशीर झाला असेल आणि तरी दिलं, तर रक्तस्राव होऊन माणूस हातचा जाऊ शकतो. म्हणून मला नेमकं सांगा, ते शेवटचे ठीक कधी होते?”

“गाडीत बसले तेव्हा ठीक होते,” बेकरीवाल्या बाई म्हणाल्या. त्या आमच्यासोबतच आल्या होत्या. पिठाचे हात अजून तसेच.

“चहा पिताना जरा दमल्यासारखे होते,” ट्रायपॉड म्हणाला.

इतक्यात ट्रायपॉडचा फोन मिळालेली आई धावत आली. पदराला हॉलच्या सजावटीची चिकटपट्टी अडकलेली. तिनं डॉक्टरबाईंपुढं फोन धरला. “हे बघा, डॉक्टर, आजच काढलंय. पोरीनं दुपारी पाठवलं. शेवटपर्यंत बघा, किती खणखणीत बोलतायत. काही झालं नव्हतं हो त्यांना. हे आत्ताच झालंय.”

डॉक्टरबाईंनी बघितलं. मीही त्यांच्या खांद्यावरून बघितलं. माझे बाबा. खडू पडत नाही, बक्कल चटकन लागतं, शब्द अडखळत नाही. आणि शेवटी गाडीला टेकून, सरळ तोंडानं, “सांभाळून जा.”

“म्हणजे शूटिंग संपेपर्यंत ठीक होते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मग वेळ भरपूर आहे.”

त्या वळल्यासुद्धा. मी त्यांचा कोटच धरला.

“नाही! ते खोटं आहे. म्हणजे खरं आहे, पण असं घडलं नाही. तो शेवट सगळ्यात आधी शूट केलाय. शर्ट चुरगळू नये म्हणून. मधलं सगळं मी कापलंय, झाकलंय. मी त्यांना बरं केलंय त्याच्यात, कळतंय का तुम्हाला? ते बरे नव्हते!”

आई माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी बाबांना जिन्यावरून ढकलल्याचं सांगत होते. “कापलंस म्हणजे काय? मग आता कसं कळणार?”

“कापलेलं कुठं जात नाही, आई. नुसतं दिसत नाही.”

मी तिथंच फरशीवर बसले आणि लॅपटॉप उघडला. ट्रायपॉडनं डिस्क धरून ठेवली. आयुष्यभर मी क्लिपा आत सारल्या. आता मी कडा धरून बाहेर ओढू लागले. स्टिअरिंगचं चित्र काढलं, खाली वाकडं हसू. आधीचं बक्कल ओढलं. त्याच्या आधीची किल्ली. प्रत्येक वेळी डॉक्टरबाई म्हणायच्या, “इथं आहेच. अजून मागं.” आणि मागं जाणं म्हणजे औषधाची वेळ हातातून जाणं.

खडूची क्लिप आली. फिल्ममध्ये ती बाबांच्या हातातला खडू फळ्यावर असताना तुटत होती. मी उजवी कड धरली आणि ओढली.

बाबा बाण काढतायत. रेघ सरळ आहे. वाक्य स्पष्ट आहे. मग खडू निसटतो. बाबा हाताकडे बघतात. बोटं मिटायचा प्रयत्न करतात, मिटत नाहीत. मग ते कॅमेऱ्याकडे बघतात.

आणि तसेच उभे राहतात. हलत नाहीत, बोलत नाहीत. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. माझ्या बाबांना मी घाबरलेलं कधी बघितलंच नव्हतं, त्यामुळे सकाळी मला ती ओळखूच आली नाही. ते भीतीनं थिजले होते आणि मी कधी कट म्हणते याची वाट बघत होते. खाली आवाजाच्या पट्टीत माझा आणि ट्रायपॉडचा खिडकीच्या उजेडावरून वाद चालू होता. किती वेळ चालला तो वाद! देवा, किती वेळ! आणि बाबा उभे. अखेर माझा आवाज: “कट! काय हे बाबा?”

बाबांनी लगेच तोंड उघडलं. “अगं, हात जरा…”

“हाताचं राहू दे. खडू उचला, पुढचं घेऊ.”

तिथं क्लिप संपली. आई तोंडावर पदर धरून भिंतीकडे वळली.

“हीच सुरुवात,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “रेघ काढेपर्यंत हात ठीक आहे. वेळ दाखवा.” क्लिपखाली शूट झाल्याची वेळ होती. त्यांनी ती वाचली, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. “काठावर आहे,” त्या म्हणाल्या. “पण वेळेत बसतंय. औषध लगेच सुरू करते.” आणि त्या अक्षरशः पळाल्या.

आम्हाला आत सोडलं तेव्हा खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. हॉलमध्ये तेव्हा शिष्य जमले असतील. ट्रायपॉडनं सगळ्यांना फोन करून घरी जायला सांगितलं होतं, पण निम्मे हॉस्पिटलच्या फाटकापाशी येऊन उभे होते, गाड्या अगदी नियमानं एका ओळीत लावून. बाबा पाठीवर सरळ पडले होते. नर्स त्यांच्या उशाशी वाकली होती.

“आजोबा, उजवा हात उचला बरं. थोडासा.”

हात हलला नाही.

“ऐकू येतंय ना? हात उचला.”

काही नाही. नर्सनं डॉक्टरबाईंकडे बघितलं. आईनं माझं मनगट धरलं, तिची नखं रुतली. मी बाबांकडे बघितलं. ते नर्सकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. एकटक, जराही न हलता. ही नजर मी मघाशी फरशीवर बसून बघितली होती.

“बाबा,” मी म्हटलं. “कट.”

त्यांचा हात पांघरुणावरून उचलला गेला. जास्त नाही. मनगट उठलं, बोटं लोंबत राहिली, पण उठलं. ते गंमत म्हणून मुद्दाम थांबले होते की खरंच माझ्या ‘कट’ची वाट बघत होते, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. मग त्यांचे ओठ हलले. जीभ जड होती. एकेक शब्द ते वजन उचलावं तसा उचलत होते, आणि दोन शब्दांच्या मध्ये एवढी हवा होती की दुपारी मी ती कापून टाकली असती.

“अगं… हात… जरा…”

आई त्यांचं वाक्य पुरं करायला पुढं सरसावली. मी तिला मागं ओढलं.

“…जड… वाटतोय.”

“हो बाबा,” मी म्हटलं. “अजून काय वाटतंय? सांगा. मी ऐकतेय.”